भाऊजींच्या लॅपटॉपवरची दोन बोटं

महाल, नागपूर
मे महिना, दुपारचे साडेतीन

ती. कुसुमताईस,

चंपतचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? कुहीला निदान संध्याकाळी वारा सुटत असेल. इथे पंखा लावला तर चुलीपुढे बसल्यासारखं वाटतं. माझी प्रकृती उत्तम आहे, म्हणजे सोमवारपर्यंत होती. फोन का केला नाही म्हणशील. तुला कमी ऐकू येतं म्हणून तुमच्याकडे फोन स्पीकरवर लावतात, आणि मला जे सांगायचं आहे ते तुझ्या सुनेनं, खुशीनं आणि दारातल्या दूधवाल्यानं ऐकावं असं नाही. तेव्हा चष्मा लाव, दार लोटून घे आणि एकटीच वाच. (भीती वाटली तर दार उघडं ठेव. मी लिहितानाही उघडंच ठेवलं आहे.)

सोमवारी तुझ्या रजतनं भाऊजींचा लॅपटॉप आणून दिला. खुशी आता कॉलेजात जाणार, आजोबांचा तो काळा डबा मैत्रिणींसमोर काढायला तिला लाज वाटते, तर चंपतनं त्याला फिक्का जांभळा रंग मारून द्यावा, असा तुझा निरोप मिळाला. चाळीस वर्षं मी या गल्लीत स्कूटरी रंगवतो आहे, प्लास्टिकच्या एका डब्याला काय घाबरायचं? रजतला मी म्हटलंसुद्धा, "ठेव इथं. दोन दिवसांत नवरीसारखा करून देतो." तो गेल्यावर मी झाकण उघडलं. आत, बटणांच्या खाली जिथे हाताची मनगटं टेकतात, तिथे दोन चकचकीत डाग होते. भाऊजी निवृत्तीनंतर रोज दोन-दोन तास गावाचा इतिहास टाइप करत बसायचे ना, त्याचे. मी झाकण पुन्हा मिटलं. त्या दिवशी काम सुरू केलं नाही.

इथे जुनी गोष्ट काढावी लागते. तुला ती माहीत आहे, पण माझ्या तोंडून तू कधी ऐकलेली नाहीस. भाऊजींनी स्कूटर रंगवायला दिली तेव्हा क्रीम रंग मागितला होता. क्रीम संपला होता आणि पोपटीचा डबा उघडा पडला होता. मला वाटलं, मास्तर माणूस, जरा खुलून दिसेल. शाळेतली पोरं त्यांना पोपट सर म्हणायला लागली हे मला नंतर कळलं. पुढे रजतच्या मुलाच्या बारशाला भरल्या मांडवात ते म्हणाले, "चंपत, तुले रंगाचं सोड, समोरच्या मानसाचंच आयकता येत नाही गा." मी पानावरून उठलो, आणि नऊ वर्षं त्यांच्याशी बोललो नाही. (पानावर तेव्हा बुंदी होती. ती अजून आठवते, म्हणजे बघ राग किती होता.)

ते धंतोलीला दवाखान्यात होते तेव्हा तू फोनवर रडत म्हणालीस, "ये नं गा एकदा. ते तुलेच विचारून राहिले." मी आलो होतो, ताई. हे कोणालाच माहीत नाही. दवाखान्याच्या खाली गाड्या लावतात तिथपर्यंत आलो. तिथे ती पोपटी स्कूटर उभी होती, रजतनं आणलेली. नऊ वर्षांत भाऊजींनी तिचा रंग बदलला नव्हता. मी तिच्याकडे बघत उभा राहिलो आणि तसाच परत फिरलो. चौथ्या दिवशी ते गेले.

असो. मंगळवारी कामाला लागलो. बॅटरी काढली, बटणांवर आणि पडद्यावर कागद चिकटवला, उरलेलं सगळं प्लास्टिक पॉलिश पेपरनं घासलं आणि सवयीनं थिनरचा फडका मारला. पत्र्यावर थिनर मारला की पत्रा स्वच्छ होतो. प्लास्टिकवर मारला की प्लास्टिक रडायला लागतं, हे मला या वयात कळलं. पुन्हा घासलं, प्रायमर दिला, फिक्का जांभळा घोटून पहिला हात मारला आणि जेवायला मागे गेलो. तुला इथली मेमधली दुपार ठाऊक आहे. एक वाजला की गल्लीत चिटपाखरू नसतं, सगळे कूलरपुढे पडलेले, कुत्रीसुद्धा नालीत उतरून झोपतात. अशा उन्हात रंग दहा मिनिटांत खडखडीत वाळतो. मी हात धुऊन आलो तर सगळा डबा वाळला होता, फक्त उजव्या मनगटाच्या जागी रंग ओला, आणि त्या ओल्या रंगात दोन बोटांचे ठसे.

मी मांजरीला शिव्या दिल्या. मांजरीला अशी बोटं नसतात हे शिव्या देऊन झाल्यावर लक्षात आलं. मग स्वतःची समजूत घातली. भाऊजी डोक्याला खोबरेल तेल चोपडायचे, ते हाताचं तेल वर्षानुवर्षं प्लास्टिकात मुरलं असणार, आणि तेलावर रंग धरत नाही, खड्डे पडतात. हे खोटं नाही, कोणताही रंगारी सांगेल. मी ती जागा पार आतपर्यंत घासली आणि बुधवारी दुसरा हात मारला. जेवायला गेलो नाही, समोर खुर्ची टाकून बसलो. डोळा लागला तो फार तर पाच मिनिटं. उठलो तेव्हा ठसे होते, पण जुन्या जागी नव्हते. दोन बोटांएवढे पुढे सरकलेले, माझ्याकडच्या काठाकडे.

गुरुवारी मी शेजारच्या नत्थू घडीवाल्याला बोलावलं. सत्तर वर्षांचा माणूस, उभा जन्म भिंगातून बारीक काट्यांकडे बघण्यात गेला, त्याची नजर फसत नाही. तिसरा हात मारला आणि आम्ही दोघं डोळे ताणून बसलो. कॉम्प्रेसर बंद होता, हवा ठप्प. दुकानात अचानक खोबरेल तेलाचा वास आला. (नत्थूला टक्कल आहे आणि मी मोहरीचं लावतो.) मग आमच्या देखत, अगदी काठाशी, ओला रंग हळूच दबला. आधी एक खळगा, मग त्याच्या बाजूला दुसरा. कोणी सावकाश हात टेकवावा तसं. नत्थूनं भिंग काढलं, वाकून पाहिलं आणि म्हणाला, "चंपत, हे मधलं बोट टोकाशी वाकडं आहे गा. कोनाचं आहे?"

मला माहीत होतं कोणाचं. बैलबंडीच्या चाकात सापडून वाकडं झालेलं भाऊजींचं ते बोट तुझ्या लग्नात मीच हळद लावताना धरलं होतं. मी सांगितलं तसा नत्थू उठला आणि उन्हात अनवाणी गेला. त्याच्या चपला अजून इथे आहेत, न्यायला येत नाही.

ताई, मला फार भीती वाटली. भुताची नाही. वाटलं, हा माणूस नऊ वर्षं थांबला, आता माझ्यापर्यंत येऊन हिशेब मागतो आहे. मागितलेला रंग मागतो आहे. मी त्याच पावली बाजारात गेलो, क्रीम रंगाचा नवा डबा आणला आणि शुक्रवारी सगळा जांभळा खरवडून क्रीम मारला. घाईत रंग माझ्या चष्म्यावरही बसला. मारता मारता मोठ्यानं म्हटलं, "भाऊजी, घ्या. चुकलं माझं." इतकं सोपं वाक्य होतं. दवाखान्याचे दोन जिने चढून ते म्हणता आलं नाही, आणि इथे एका डब्यापुढे म्हटलं.

मग बाहेर जाऊन उभा राहिलो. दहा मिनिटांनी आत आलो. ठसे होतेच. क्रीम रंगात तर जास्तच उठून दिसत होते. म्हणजे त्यांना रंगही नको होता. मग काय हवं आहे, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

सुनेला आशीर्वाद. खुशीला अभ्यास करायला सांग.

तुझा धाकटा भाऊ,
चंपत

ता. क. – खुशीला जांभळ्याऐवजी क्रीम मिळतो आहे हे तू सांग. मी पुन्हा एकदा मागितला एक आणि दिला दुसरा, असं व्हायला नको होतं. क्रीम रंग आता फॅशनमध्ये आहे असं म्हण.

ता. क. २ – लवकर वाळावा म्हणून बुधवारी लॅपटॉप थोडा वेळ छपराच्या तापल्या टिनावर ठेवला होता. झाकण केळीच्या पानासारखं वाकलं आहे. शिवाय तो सुरू होत नाही. बहुधा थिनर आत गेला. तेव्हा रंगाचं आधी सांग, हे नंतर.

ता. क. ३ – हे सगळं लिहून झाल्यावर मी रजतला फोन केला. लॅपटॉपातली मेमरी कशी वाचवायची ते विचारायला केला होता, पण ठशांचंही बोलून गेलो. ठसे नेमके कुठे आहेत ते त्यानं दोनदा विचारलं. मग म्हणाला, "मामा, बाबा वर्गात पोराले रागावले की मंग त्याच्याजवळ जात आन् त्याच्या बाकावर दोन बोटं टेकवत. म्हंजे झालं, बस आता. त्याच्यानंतर तो विषय कधी काढत नव्हते." मी त्यांच्या वर्गात कधी नव्हतो, ताई, मला हे कसं माहीत असणार? रजत माझं मन राखायला सांगत असेल. तू त्यांच्यासोबत पंचेचाळीस वर्षं काढलीस. खरंच टेकवत होते का? एवढंच कळव, त्यासाठीच एवढं लिहिलं. उत्तर येईपर्यंत मी ठसे घासत नाही. दुपारी दुकान उघडं ठेवतो, आणि त्या डब्यासमोर खुर्चीत बसून असतो.