वेताच्या खुर्चीवरचं कार्ड

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या भाच्याचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तरी वाकलो). तुझा जिना, तुझा दम आणि संपावर गेलेला तुझा डावा कान, सगळं कसं आहे? दोन मजले चढले की छातीत घरघर होते, असं तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस. त्याला चार महिने झाले. मी लगेच उत्तर लिहिणार होतो. पण आधी वह्या आल्या, मग परीक्षा आली, मग लाज आली, आणि लाज एकदा आली की पाहुण्यासारखी मुक्काम ठोकते. फोनचं म्हणशील तर तू तो उचलत नाहीस (उचललास तर "कोण?" एवढं विचारून ठेवून देतेस). तेव्हा राग गिळून हे वाच. इथे एक विचित्र प्रकार चाललाय आणि तो तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यासारखा नाही.

तू निवृत्त झालीस आणि शाळेत तुझ्या जागी मी लागलो त्याला वर्ष होत आलं. तुझी प्रयोगशाळा, खिडकीजवळची तुझी वेताची खुर्ची आणि पत्र्याच्या डब्यातली दोनशे कार्डं मला आयतीच मिळाली. पुढे विज्ञानातला शब्द, मागे तुझ्या टपोऱ्या अक्षरात त्याचा अर्थ, वर अडकवायला दोरा. पोरांनी सोमवारी डब्यातून कार्ड काढायचं आणि खोलीतल्या योग्य वस्तूला लावायचं, ही तुझी रीत मी पुढे चालवली. कुणाचं चुकलं तर तू ओरडायची नाहीस. मधल्या सुट्टीत गुपचूप ते कार्ड बरोबर जागी नेऊन लावायचीस आणि पोराला स्वतः शोधू द्यायचीस. रीतीतला एवढाच भाग मी गाळला, कारण मधल्या सुट्टीत मी जेवतो. नमुन्याची म्हणून पहिली पाच-सहा कार्डं मात्र मीच लावली, आणि (हे चार भिंतींच्या आत ठेव) त्यातली बरीचशी चुकली.

चुकली हे मला कसं कळलं, तर ती हलली. 'बाष्पीभवन' मी उकळत्या किटलीला लावलं होतं. कुलूप घालून जेवायला गेलो, परत येऊन उघडतो तर कार्ड दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या फडक्याला. मागचा अर्थ वाचला: पाणी न उकळताही निघून जाते. बरोबर आहे, किटलीत उत्कलन होतं. दुसऱ्या दिवशी 'क्षरण' फुटक्या विटेवरून उठलं आणि नळाखाली जाऊन बसलं, जिथे थेंब पडून पडून फरशीला वाटीएवढा खळगा झालाय. तेही बरोबर. खिडक्यांना गज, कुलपाची किल्ली एकच, आणि ती माझ्या खिशात. पोरांवर संशय घ्यावा तर पोरं इतकी अचूक नसतात. 'परजीवी' तर कुलूपबंद खोलीतून निघून थेट शिक्षकांच्या खोलीतल्या माझ्या खुर्चीला लटकलं. (मी रोज दुसऱ्यांच्या डब्यात घास घालतो हे खरं आहे, पण म्हणून इतकं?) सगळे पोट धरून हसले. मीही हसलो, फक्त हातातला घास ज्याच्या त्याच्या डब्यात परत ठेवला. शिपाईकाकांना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, "बाईंचंच काम हे. बाई चूक बघून कधी गप्प बसल्यात का?" जणू तू पलीकडच्या खोलीत चहा पीत बसली आहेस.

पुढचं ऐक. 'जडत्व' मी लोखंडी कपाटाला लावलं होतं. ते माझ्या बॅगेच्या त्या कप्प्याला सापडलं, ज्यात तुझं पत्र आहे. मागे लिहिलं होतं: बाहेरून बल लागल्याशिवाय वस्तू आहे तशीच राहते. मी ते वाचलं, मान डोलावली आणि कप्पा बंद केला. तुझ्या भाच्याचा निगरगट्टपणा तुला ठाऊकच आहे.

पण खरी गंमत (मी तिला गंमतच म्हणणार, दुसरा शब्द लिहायला हात धजत नाही) 'सजीव' या कार्डाची. ते मी कुंडीतल्या रोपाला लावलं होतं, कारण शिपाईकाका सोडले तर त्या खोलीत जिवंत म्हणावं असं तेवढंच. तीन आठवडे झाले, रोज दुपारी ते कार्ड तुझ्या वेताच्या खुर्चीच्या पाठीला असतं. मी काढून रोपाला लावतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा खुर्चीला. शेवटी एका दुपारी उपाशी राहून मी खुर्चीसमोर ठाण मांडलं आणि कार्डामागची लक्षणं एकेक तपासली. वाढ: नाही. हालचाल: नाही (एकदा झाली, पण तो मीच दचकलो होतो). श्वसनापाशी आलो आणि शेजारच्या खिडकीकडे पाहिलं. बाहेर कडक ऊन, सगळी काच कोरडी, आणि खुर्चीत बसलेल्या बाईचं तोंड येईल तेवढ्या उंचीवर हाताच्या पंजाएवढी वाफ. ती फिकी होई आणि पुन्हा धरे. बर्फाला चुकून लावलेलं माझं 'संघनन' त्या काचेच्या कडीला येऊन लटकलं होतं. तेव्हापासून मी त्या खुर्चीवर बसत नाही आणि जवळून जाताना चपला हळू वाजवतो.

आता कामाचं. येत्या गुरुवारी तपासणी अधिकारी येणार. प्रयोगशाळा पसंत पडली तर मी कायम, नाही तर घरी. रिकाम्या खुर्चीवर 'सजीव' पाहून ते मला सहावीत बसवतील. तरी ती खुर्ची गुरुवारपुरती अडगळीत ठेवायला तुझी परवानगी हवी. तू हो म्हटल्याशिवाय तिला हात लावायची माझी छाती नाही. बाकी सर्व ठीक. औषध वेळेवर घे, जिना सावकाश चढ.

तुझा आळशी पण प्रेमळ भाचा

ता. क. पत्र लिहून जेवायला गेलो होतो. परवानगीची गरज उरली नाही. आज दुपारी कुलूप उघडलं तर 'सजीव' रोपाला होतं. खुर्चीला काही नव्हतं. काच कोरडी होती. 'संघनन' डब्यात सर्वांत वर ठेवलेलं. एकूण एक कार्ड आपापल्या जागी आहे. आता अधिकारी काय, त्यांच्या आजोबांनाही खोट सापडायची नाही.

ता. क. दुसरा. मला आनंद व्हायला हवा होता. पण आत्या, कार्ड लावणारा तो हात आजवर एकदाही चुकलेला नाही. मला फार भीती वाटते आहे. तुला चार वेळा फोन केला. "कोण?" असं कुणी विचारलं नाही.

ता. क. तिसरा. हे पत्र टपालात टाकत नाही. हेडमास्तरांना गुरुवारचं काय ते बघा असं सांगितलं आणि पाचची बस धरली आहे, अक्षर त्यामुळे हलतंय. तासाभरात पोचेन. दोन जिने चढून दार वाजवेन. शिव्या द्यायच्या असतील तर दे, "कोण?" विचारून तोंडावर दार लाव, काहीही कर. फक्त उघडायला तू ये.