साध्या पाण्याची टाकी

४ तारीख, सोमवार

आजपासून रोजनिशी. नातीने कॉलेजला परत जाताना फोनात सोय करून दिली. मी बोलायचं, फोन लिहून घेतो. मला वाचता येत नाही, म्हणजे ही रोजनिशी मी स्वतःसुद्धा वाचू शकणार नाही. इतकी खासगी रोजनिशी राजेमहाराजांचीही नसेल. फोन वाचून दाखवतो म्हणे. काही गरज नाही. बोललेलं पुन्हा ऐकायची हौस पुढाऱ्यांना असते.

खाली लेकीची लॅब, वर आम्ही म्हातारा-म्हातारी. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. आम्ही तर माशांच्या डोक्यावर राहतो. एखादं औषध पाण्यात पडलं तर मासे मरतात का, आणि किती पडलं तर किती मरतात, हे लेक बघते. ह्या वेळचं औषध तळ्यातलं शेवाळ मारायचं. कंपनीच्या साहेबाचं म्हणणं, फक्त शेवाळ मरतं. लेकीचं म्हणणं, बघू.

हाताखालची बाई बाळंतपणाला गेली म्हणून माशांना खाणं घालायचं काम माझ्याकडे. मोठ्या टाकीत सकाळ-संध्याकाळ, चिमटीत मावेल तेवढंच. लेकीने तीनदा समजावलं. मी तिला दोन वर्षं भरवलंय, हे ती विसरली.

संकल्प: माशांत जीव गुंतवायचा नाही. तीन पोरं वाढवली, गुंतायची हौस फिटली.

६ तारीख, बुधवार

संकल्प उत्तम चाललाय.

मासे बोटाच्या पेराएवढे, अंगावर निळ्या रेघा. सगळे एका साच्यातले. फक्त एकीचं शेपूट एका बाजूने कुरतडलेलं. ओळखायला बरं पडावं म्हणून मी तिला तुटकी म्हणते. हे नाव नव्हे, खूण आहे. मी काचेशी बोट नेलं की ती सगळ्यांच्या आधी येते. हुशार आहे. म्हणजे असेल, मला काय.

लेक म्हणाली, आई, त्यांना नावं ठेवू नकोस हं. मी म्हटलं, नावं मी फक्त तुझ्या बापाला ठेवते.

८ तारीख, शुक्रवार

काचेच्या सहा टाक्या घासूनपुसून ओळीने मांडल्या. पाच टाक्यांत औषध, चढत्या क्रमाने. सहावीत नुसतं साधं पाणी. चार दिवस बघायचं. साध्या टाकीत काहीच व्हायला नको. तिथे एकापेक्षा जास्त मासे मेले तर दोष औषधाचा नाही, आपला. मग सगळी टेस्ट बाद.

म्हणजे साध्या टाकीतले मासे जगतात. मी पक्कं विचारून घेतलं. लेक घाईत होती, हो हो म्हणाली.

१० तारीख, रविवार

आजपासून खाणं बंद. टेस्टच्या आदल्या दिवशी बंद, आणि मग चारही दिवस बंद. खाल्लं की घाण होते, पाणी बिघडतं, औषधाने मेले की घाणीने ते कळत नाही. उद्या कोण कुठल्या टाकीत जाईल ते माहीत नाही, म्हणून आज अख्खी मोठी टाकी उपाशी. लेक म्हणाली, तेवढ्याने मासा मरत नाही. मी म्हटलं, मला कशाला सांगतेस, मी काय विचारलं का?

गेले तर सगळे काचेशी आले. तोंडं उघडतात, मिटतात. आवाज नाही.

माशाला पापणी नसते. झोपला तरी डोळे उघडे, मेला तरी उघडे. प्रेमाने बघतोय की रागाने, कळायला मार्ग नाही. आमचे हेसुद्धा दुपारी खुर्चीत झोपतात ते अर्धे डोळे उघडे ठेवून. पन्नास वर्षं बघतेय. आज पहिल्यांदा जवळ जाऊन नाकाशी हात धरला. श्वास चालू होता. जागे झाले, काय म्हणाले. म्हटलं, माशी बसली होती.

संकल्प: दुपारी खाली जायचं नाही.

११ तारीख, सोमवार

टेस्ट सुरू. निवड करायची नसते. धट्टेकट्टे एकीकडे, मरतुकडे एकीकडे झाले तर हिशेब चुकतो. म्हणून लेक चिठ्ठी उचलते, टाकीचा आकडा वाचते, आणि मी जाळीत येईल तो मासा त्या टाकीत सोडायचा. न बघता.

मी न बघताच काढले. आता साध्या टाकीची चिठ्ठी निघाली तेव्हा तुटकीच जाळीत आली, ह्याला मी काय करू? दोनदा बाजूला सरकली, तिसऱ्यांदा आली. नशीब असतं एकेकाचं.

साध्या टाकीत शेवटचा मासा पडला आणि मला हलकं वाटलं. पाठ धरली होती सकाळपासून, तीच सुटली असणार.

१२ तारीख, मंगळवार

सगळ्यात कडक टाकीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. फक्त दोनदा बघितलं, माहितीसाठी. मासे वरती येऊन हवा गिळत होते. एक तिरका झाला होता, घड्याळाचा काटा अडकतो तसा गोल फिरत राहिला. लेक काचेच्या काडीने शेपटीपाशी हळूच टोचते. अंग हललं नाही, कल्ला हलला नाही, की मेला असं लिहायचं. डोळ्यांवर विसंबता येत नाही ना. ती लिहिते तेव्हा तोंडावर काही दिसत नाही. माझ्यावर गेली आहे.

दुपारी हे खुर्चीत. अर्धे डोळे उघडे. चमचा होता हातात म्हणून टाचेला जरासा टोचला. पाय हलला. शिव्याही दिल्या. बरं वाटलं.

खालचा, टाक्यांत हवा सोडणारा पंप इथे पलंगातून ऐकू येतो. पूर्वी कधी ऐकू आला नव्हता. जमिनीखाली कुणी दम लागून बसल्यासारखा.

संध्याकाळी वर येता येता साध्या टाकीत चिमूटभर खाणं टाकलं. नियम औषधाच्या टाक्यांसाठी आहे. ह्यांनी कुणाचं काय घोडं मारलंय? औषध नाही, काही नाही, मग उपास कसला? लेकीला सांगितलं नाही, तिला कामाचा ताण असतो.

१३ तारीख, बुधवार

कडक टाकी संपली. तिच्या खालची अर्धी.

माझ्या जेवणात मासा होता, तो ह्यांना दिला. पोट बरं नाही. गेले तीन दिवस नेमकं जेवायच्या वेळीच बरं नसतं.

पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि तळाशी काहीतरी फिरलं. प्रकाश होता खिडकीतला. ओतून दिलं. दुसरा पेला भरला, तोही ओतला. तहान नव्हतीच.

आत्ता आरशासमोर बसून फोनशी बोलतेय. आरशात माझं तोंड उघडतंय, मिटतंय. दुसऱ्या खोलीतून बघणाऱ्याला आवाज येत नसेल. जागा बदलते.

बदलली. हं, तर साध्या टाकीत सगळे ठीक. तुटकी जरा मंद आहे. अशक्तपणा असणार, म्हणून दोन चिमटी खाणं टाकलं. थोडं तळाशी पडलं, खातील सावकाश. पाणी किंचित पांढरट वाटलं. माझा चष्मा पुसायला झालाय.

१४ तारीख, गुरुवार, सकाळ

लेकीच्या आधी खाली गेले होते. उगीच.

तुटकी कडेला वर तरंगत होती. तिच्याशेजारी आणखी एक. झोपल्या असतील म्हटलं. काडी घेतली. शेपटीपाशी टोचलं, शेपूट होतं तिथे. मग दुसऱ्या बाजूने टोचलं. मग जरा जोरात.

पाणी नेहमीचंच होतं. वास जरा होता.

मोठ्या टाकीतून दोघी काढल्या आणि साध्या टाकीत सोडल्या. मासा तो मासा. कप फुटला तर आपण सेटमधला दुसरा ठेवतोच की, पाहुणे काही उलटा करून बघत नाहीत. लेकीची टेस्ट वाचली. वरचं पाणी पेल्याने काढलं, ताजं घातलं. आई म्हणून एवढं करावंच लागतं.

त्या दोघी गच्चीवरच्या कुंडीत पुरल्या. झाडाला चांगलं असतं.

१४ तारीख, दुपार

कंपनीचा साहेब आला होता. कडक टाक्यांसमोरून पटपट गेला, साध्या टाकीसमोर मात्र थांबला. वा मॅडम, काय टवटवीत आहेत, म्हणाला. लेकीला बरं वाटलं. मला जास्त.

कुंडीला पाणी घालायला गेले नाही. ह्यांना घालायला सांगितलं. ते म्हणाले, तू सकाळीच कुंडी उकरत होतीस, तेव्हाच घालायचंस. म्हणजे डोळे अर्धे उघडे असतात ते उगीच नाही.

संकल्प: उद्या टेस्ट संपते. उद्यापासून सगळं विसरायचं.

१५ तारीख, शुक्रवार

लेक साध्या टाकीसमोर उकिडवी बसली होती. टॉर्च तळाला लावून. बराच वेळ. मी जिन्यावरून परत फिरणार होते, तेवढ्यात तिने न बघताच हाक मारली.

"आई, इतक्या दिवसांचे उपाशी मासे हगतील कशाला?"

मी म्हटलं, भीतीने होतं कधी कधी.

तिने टॉर्च हलवला. तळाशी मोठ्या टाकीतल्यांसारख्याच काळ्या दोऱ्या. मोठ्या टाकीला खाणं मंगळवारपासून मी पुन्हा सुरू केलं होतं, ते तसं ठीकच होतं. पण तिथल्या दोघी ते पोटात घेऊन इकडे आल्या होत्या. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पोरं वाढवली आहेत मी. शिवाय कोपऱ्यात पांढरा चुरा, बुरशी आलेला.

म्हटलं, पंपातून पडलं असेल. म्हटलं, साहेबाने काही टाकलं असेल, त्याचा चेहराच तसा आहे. म्हटलं, तुझ्या बापाला विचार. लेकीने टॉर्च विझवला. मग म्हणाली,

"तुटकी कुठे आहे?"

ती तुटकी म्हणाली. मला वाटलं होतं, तिला फक्त आकडे माहीत आहेत.

सांगितलं. कुंडीपर्यंत सगळं. माझी बाजूही सांगितली, चार चांगल्या वाक्यांत. दोन मासे मेले म्हणजे टेस्ट बाद झाली असती, मी ती वाचवली. लेक उठली, गुडघे झटकले.

"बाद झाली असती तर मी बाद असं लिहिलं असतं. तू मला खोटं लिहायला लावणार होतीस, आई. त्या कागदाच्या भरवशावर उद्या कुणीतरी तळ्यात औषध ओतलं असतं."

ओरडली असती तर मलाही ओरडता आलं असतं.

१६ तारीख, शनिवार

साहेबाला तिने स्वतः फोन करून सांगितलं. घरातल्या माणसाची चूक, असं म्हणाली. आई म्हणाली नाही. तिकडून साहेब बराच वेळ बोलत होता, ती हं हं करत होती.

मग एका टबात बेशुद्धीचं औषध कालवलं, पुन्हा जागे होणार नाहीत इतकं, आणि टाक्यांतले उरलेले मासे त्यात सोडायला लागली. औषधाच्या टाक्यांतले, ठीक आहे. मग जाळी घेऊन साध्या टाकीकडे गेली. मी हात धरला. म्हटलं, हे तर जगणारे आहेत ना?

ती थांबली. टेस्टमधला मासा मोठ्या टाकीत परत जात नाही, म्हणाली. साध्या टाकीतलासुद्धा. कधीच गेलेला नाही. मी म्हटलं, तू हो म्हणाली होतीस. ती म्हणाली, मी ऐकलंच नसेल नीट.

मग जगतात कोण?

"चिठ्ठीत न निघालेले. मोठ्या टाकीत उरतात ते."

मी जाळी दोनदा बाजूला केली होती. तिसऱ्यांदा मीच तिच्याखाली धरली होती. तिला तशीच सोडली असती तर ती मोठ्या टाकीत राहिली असती.

टेस्ट पुन्हा करायची. सगळ्या टाक्या पुन्हा, तेवढेच मासे पुन्हा. नवीन मासे आले तर त्यांना आधी इथल्या पाण्याची सवय व्हायला हवी, आणि साहेबाने तेवढा वेळ दिला नाही. सवय झालेले मोठ्या टाकीत आहेत.

मी म्हटलं, ते उरलेले आहेत.

लेक म्हणाली, होते.

१७ तारीख, रविवार

खाणं बंद. खाण्याचा डबा लेकीने कपाटात ठेवला नाही, कुलूप लावलं नाही. तसाच टाकीशेजारी ठेवला.

दिवसभर खाली गेले नाही. पंप ऐकू येतच होता. ह्यांनी विचारलं, जेवत का नाहीस. म्हटलं, भूक नाही. त्यांनी माझ्या नाकाशी हात धरला आणि म्हणाले, माशी बसली होती.

मी हसले नाही म्हणून त्यांना वाईट वाटलं.

१८ तारीख, सोमवार

लेकीला दुसरं माणूस मिळालं नाही. जाळी माझ्याच हातात दिली. म्हटलं, माझ्यावर विश्वास आहे का? ती म्हणाली, नाही, पण चिठ्ठी उचलायला आणि जाळी धरायला दोघं लागतात.

ती आकडे वाचत गेली. मी येईल तो काढला. निसटला तो जाऊ दिला, आला तो घेतला. दुपारपर्यंत मोठी टाकी रिकामी झाली. लेकीने तिचा पंप बंद केला.

मग ती हात धुवायला गेली. मला म्हणाली, साध्या टाकीपाशी बस जरा, थर्मामीटर काचेवरून निसटला तर हाक मार. बसले.

ते काचेशी आले. सगळेच आले. खाणं कुणाच्या हातून मिळतं, ते त्यांना माहीत आहे. डबा शेजारीच होता.

मी दोन्ही हात मागे घेऊन बसले. ती येईपर्यंत.