भिंतीवर जिवंत माणसं

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

जमलं! कमलाबाई फोटोला बसल्या एकदाच्या!

आमच्या वॉर्डातल्या बुद्धविहाराचं पूर्वेचं दार, ऊन उंबऱ्यापर्यंत आलेलं, त्या उंबऱ्याच्या हातभर आत. पाठीमागे बायकोची, शीलाची काळी शाल. शाल मागितली तेव्हा तिनं ऐकवलंच, "घरातलं एकेक सामान ने तिकडं. शेवटी मलेच ने."

विहाराच्या त्या भिंतीकडे पाहिलं की माझं डोकं तापतं. ओळीनं चौकटी, ओळीनं पुरुष! दानदाते, माजी अध्यक्ष, सगळे कोटात. आणि ज्या बायांनी वैनगंगेची रेती घमेल्यानं डोक्यावर वाहून हा विहार उभा केला, त्यांचं एक बोटही त्या भिंतीवर नाही. त्यातल्या पाच जणी अजून वॉर्डात आहेत. ८ मार्चला त्या पाचही समोरच्या भिंतीवर लागतील. विहार समितीचा अध्यक्ष गजेंद्र हो म्हणाला आहे. अर्थात माझं भाषण थांबावं म्हणून म्हणाला असेल.

चौघींचे झाले होते. कमलाबाई राहिल्या होत्या. "कायले काढून राह्यला माहा फोटो, मास्तर?"

मी सुरू झालो. श्रम, इतिहास, कोणाचं नाव दगडावर कोरलं जातं आणि कोणाचं नाही—

"भाषण चौदा एप्रिलले दे. आता काढ. चुलीवर भात हाय."

पदर डोक्यावरून मागे घ्या म्हणालो. त्यांना आवडलं नाही. टाळूवर, जिथे घमेल्याखालची चुंबळ बसायची, तिथले केस गेलेत ते कायमचे. "हे दाखवाचं हाय तुले?" हौ म्हणालो. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग पदर स्वतःच खांद्यावर टाकला आणि मान अशी ताठ केली की मीच कॅमेऱ्यामागे सरळ उभा राहिलो.

तोच तो क्षण. मिळाला!

३ फेब्रुवारी

वर्गात मुघल शिकवताना मधेच कमलाबाईंची मान आठवली. मुलांना वाटलं सर अकबरावर खूश आहेत.

९ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर कॉम्प्युटर. या सॉफ्टवेअरमध्ये एक बटण आहे, दाबलं की चेहरा गुळगुळीत. सुरकुत्या, डाग, आयुष्य—सगळं साफ! मी ते बटण कधीच दाबणार नाही. दाबलं तर माझ्या आजवरच्या सगळ्या भाषणांवर बोळा फिरेल.

खरं काम रंगाचं. अंधार जरा उचलला की कातडी राखेसारखी फिकी पडते, तसाच ठेवला तर डोळे बुडतात. थोडं थोडं करत गेलो. डोळ्यांपुरता उजेड वाढवला, गाल तसेच ठेवले. आणि मग ते दिसायला लागलं—गालाच्या हाडावर तांबूस, डोळ्यांखाली जवळजवळ जांभळा, कपाळावर ऊन पडलं तिथे पितळी. काळा म्हणून एक रंग नसतोच! हे मी स्टेजवरून किती वेळा गरजलो असेन. डोळ्यांनी पाहिलं आज.

शीला मागे येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "हे तं खरंच कमलाबाई हाय बाप्पा." आमच्या घरात यापेक्षा मोठी पदवी मिळत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सत्यानाश!

हिरालालच्या फोटो लॅबमधून प्रिंट आल्या. पाचही बाया गोऱ्या! कमलाबाईंच्या टाळूवर केस उगवलेले! हिरालाल मोठ्या कौतुकानं सांगतो, "सर, दादी को ज़रा साफ़ कर दिया. एक्स्ट्रा कुछ नहीं लूँगा."

मी पेटलो. काउंटरवर हात आपटून सांगितलं त्याला, की गोरं करणं ही चूक नाही, तो एक निकाल आहे, आणि तो निकाल या बाईविरुद्ध जन्मभर देत आले आहेत लोक. दुकानात पासपोर्ट फोटोसाठी बसलेले दोघे चक्क टाळ्या वाजवायला लागले. हिरालालनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "बराबर है सर. पर मशीन को भाषण समझता नहीं. सेटिंग बताओ."

हे मात्र खरं होतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दुपारभर लॅबमध्ये. मशीनचं ते आपोआप उजळवणं हिरालालनं माझ्यासमोर बंद केलं. चकचकीत कागद नको म्हणालो, ट्यूबलाइट त्यात चमकते आणि माणूस मागे जातो. खरखरीत कागद काढला. आधी पट्ट्या काढल्या, बोटभर रुंद, कमलाबाईंचा फक्त एक गाल आणि एक डोळा. प्रत्येक पट्टी घेऊन रस्त्यावर उन्हात जायचं, बघायचं, परत यायचं. पानठेल्यावरचे लोक विचारायला लागले, किसका केस है?

पहिली हिरवट. दुसरीत लाल जास्त. त्यापुढची हातात धरून उन्हात गेलो आणि तिथेच उभा राहिलो. हिरालाल मागोमाग आला, बघितलं, आणि मला न विचारता आत जाऊन मोठी प्रिंट लावली.

असं काम मी आजवर केलं नव्हतं. लिहूनच ठेवतो. गोंदियात हजार माणसांपुढे बोलताना जे वाटतं, ते आज एका कागदासमोर वाटलं!

७ मार्च

काळ्या चौकटी आल्या. खिळे ठोकले. उद्या प्रत्येक फोटोला झेंडूचा जाड हार. आजवर या बायांनी हार फक्त दुसऱ्यांसाठी ओवले. उद्या त्यांचा मान!

८ मार्च, शनिवार

काय लिहू! हसू की डोकं आपटू!

सकाळी सगळं देखणं झालं होतं. पाच चौकटी, पाच हार, दोन उदबत्त्या. गजेंद्रनं मोबाइलवर फोटो काढून समाजाच्या ग्रुपवर टाकला. मी माइक तपासत होतो. तासाभरात ग्रुप भरला—"भावपूर्ण आदरांजली." "कमलाबाईच्या जाण्याने वॉर्डाची हानी." "कधी झालं? कसं झालं?" हात जोडलेल्या चित्रांची रांग!

मोठी चौकट. हार. उदबत्ती. आपल्याकडे अशा फोटोचा एकच अर्थ होतो, आणि तो मला, इतकं वाचलेल्या, इतकं बोलणाऱ्या माणसाला, हार घालताना सुचला नाही! जिवंत माणसाचा हार गळ्यात पडतो. फोटोवर पडतो तो गेलेल्याचा.

कमलाबाईंचा थोरला मुलगा वसंता गोंदियाला असतो. तो गाडी करून निघाला, सोबत बायको, दोन मावश्या. रस्ताभर रडत आले. घरासमोर उतरून मावशीनं हंबरडा फोडला, आणि दार उघडलं कोणी? कमलाबाईंनी! हाताला पीठ.

"काय झालं व? कोन मेलं?"

हे मला वसंतानंच सांगितलं, विहारात येऊन, माझी कॉलर धरून. "माही माय जिती हाय अन् तुमी तिले हार घातला, मास्तर? लाज नाई वाटत?" बाकीच्या चौघींची पोरंही जमली. उतरवा म्हणाले, आत्ताच. हार मी काढले. फोटो नाही! सांगितलं, भीती हाराची आहे, फोटोची नाही. आणि भीतीला मान द्यायला हा विहार बांधलेला नाही!

तेवढ्यात कमलाबाई आल्या. आधी पीठ पदराला पुसलं, मग फोटो पाहिला. खूप वेळ पाहिला. म्हणाल्या, "चांगला काढला. मीच हाओ." मग मुलाकडे वळल्या, "मेल्यावर कोन कोन येते ते पाहून झालं माह्यं. धाकटी सून नाई आली."

एक खुर्ची ओढून स्वतःच्या फोटोखाली बसल्या. जो येईल त्याला सांगायच्या, "जिती हाओ. पाह्य, पाह्य."

९ मार्च, रविवार

आजही त्या येऊन बसल्या. दोघी जणी आणखी आल्या. येणारी मुलं आधी फोटो बघतात, मग खाली माणूस बघतात, मग विचारतात. आणि कमलाबाई सांगतात—रेती, नदी, पाय भाजायचे ते. माझ्या फोटोनं हे केलं. छाती भरून येते.

११ मार्च

गजेंद्रनं बैठक लावली. विषय: "भिंतीवरील फोटो." विषयातच वास येतो.

१६ मार्च, रविवार

हरलो.

गजेंद्रचा मुद्दा एकच. "सर, नियम बनवून टाकू. जितं मानूस भिंतीवर नाई. बाया गेल्या की मोठ्या मानानं लावू. प्रॉमिस."

मी उठलो. म्हणालो, म्हणजे या बाईनं मान मिळवायला आधी मरायचं? पुरुषांचे सत्कार जिवंतपणी होतात, शाल जिवंतपणी, खुर्ची जिवंतपणी, माइक जिवंतपणी! स्त्रीचा सन्मान तेवढा तिरडीबरोबर? हा विहार विवेकाचा आहे की अपशकुनाचा? माझा आवाज भिंतींवरून परत येत होता. लोक खाली बघत होते. मला वाटलं, फिरलं पारडं.

हात वर करायला सांगितलं. माझ्या बाजूनं तिघे. वसंता खास गोंदियाहून आलेला, सदस्य म्हणून त्याचं नाव अजून इथल्या वहीत आहे; त्यानं हात वर केला, गजेंद्रच्या बाजूनं. त्याचा राग मी समजू शकतो. त्या दिवशी तो खरोखर रडत आला होता.

पाचही जणी दाराजवळ सतरंजीवर बसल्या होत्या. त्यांचे हात कोणी मोजले नाहीत. त्या समितीच्या सदस्य नाहीत. आजवर कोणी केलंच नाही त्यांना. हे मला मत मोजताना दिसलं.

उठता उठता गजेंद्रनं नेहमीची घोषणा केली: नव्या वर्षासाठी सदस्य व्हायचं असेल, अध्यक्षपदासाठी नाव द्यायचं असेल, तर पुढच्या रविवारी वंदनेनंतर. दर वर्षी तो हे सांगतो. दर वर्षी त्याचंच एक नाव येतं, सदस्यांचे हात मोजायची वेळच येत नाही.

बाहेर कमलाबाईंनी मला थांबवलं. "सदस्य कोनाले होता येते?" वॉर्डातल्या कुठल्याही सज्ञान माणसाला, मी म्हणालो. "बाईले?" हौ. "अन् अध्यक्ष?" सदस्याला, मी म्हणालो. माझं डोकं पराभवात होतं. त्या "हं" म्हणाल्या आणि गेल्या.

१७ मार्च

फोटो उतरवले. भिंतीवर खिळे तेवढे राहिले. पाचही चौकटी जिच्या तिच्या घरी पोचवल्या. कमलाबाईंनी त्यांची पलंगाखाली सरकवली, भिंतीकडे बघितलंही नाही. मला लागलं ते. पण प्रिंट अजूनही तशीच आहे, एका कोपऱ्यातही खोट नाही. ते कोणी मतानं हरवू शकत नाही!

२० मार्च

शीला म्हणते, "तुमचं भाषण झकास झालं. पन ऐकाले मानसं चुकीची होती." विचार करतोय.

२३ मार्च, रविवार

वंदना संपली. गजेंद्रनं विचारलं, "कोनाचं नाव?" आणि सवयीनं वही मिटायला लागला.

दाराजवळच्या सतरंजीवरून पाच जणी उठल्या. मागे वॉर्डातल्या आणखी बाया, सुना, पोरी—दारात मावेनात. सगळ्यांनी आधी सदस्य म्हणून नावं दिली. गजेंद्रच लिहीत होता, त्याला पान उलटावं लागलं. मी बोलायला उठलो. शीलानं सदरा धरून मला खाली बसवलं. तिचंही नाव त्या पानावर होतं!

मग कमलाबाई म्हणाल्या, "अध्यक्षासाठी माह्यं लिही. भिंतीवर जिती बाई चालत नाई म्हंता ना? खुर्चीवर तं चालते?"