सव्वाआठची पंगत

२ फेब्रुवारी

चि. चिंगीस अनेक आशीर्वाद.

पत्र पाहून तू म्हणशील, दादाला फोन करायला काय झालं? फोनवर तू ओरडतेस आणि मला तरीही ऐकू येत नाही. मग शेजारची मंडळी दारात येऊन विचारतात, सगळं ठीक आहे ना. त्यापेक्षा कागद बरा.

तुझ्या लेकीने आपल्या दोघांना आठवडाभर जहाजावर पाठवायचं ठरवलं, त्याला महिना झाला. तरी मी रोज सकाळी उठल्यावर एकदा खात्री करून घेतो की हे स्वप्न नव्हे. जन्मभर छापखान्यात दुसऱ्यांच्या प्रवासवर्णनांतले ऱ्हस्व-दीर्घ तपासले. ‘समुद्र’ हा शब्द किती वेळा दुरुस्त केला असेल! प्रत्यक्ष समुद्र मात्र शाळेच्या सहलीत पाहिला तेवढाच, तोही ओहोटीचा.

आता मुद्द्याचं. जहाजाच्या कचेरीतून विचारणा आली आहे की रात्रीचं जेवण सहाच्या पंगतीत घेणार की सव्वाआठच्या? एकदा कळवलं की आठवडाभर तीच वेळ, तेच टेबल, तेच शेजारी. मग बदल नाही. मी सहा ठरवून टाकलं आहे, तू फक्त हो म्हण. सहाला जेवलं की आपण मोकळे. मग वर डेकवर खुर्च्या टाकायच्या; पोट शांत, मन शांत आणि समोर सूर्य पाण्यात उतरतो आहे. आपल्या शाळेत एका खोलीत चार इयत्ता बसायच्या, तेव्हा गुरुजी डोळे मिटून नावाड्याची कविता म्हणायचे आणि तू मागे बसून त्यांची नक्कल करायचीस, आठवतं? ती सबंध कविता मी तुला सूर्यास्ताच्या साक्षीने म्हणून दाखवणार आहे. सव्वाआठला जेवायचं म्हणजे ऐन सूर्यास्ताला पोटात कावळे. त्या कोलाहलात कविता व्हायची कशी?

यावर काल एक द्विपदी सुचली:

सहा वाजता जेवुन उठला, त्याची सांज निवांत;
सव्वाआठची वाट पाहतो, त्याच्या पोटी आकांत.

गुडघ्यांना तेल लावतेस ना? लोभ आहेच, तो काही जेवणाच्या वेळेवर अवलंबून नाही; तरी सहाला होकार कळवावा.

तुझा,
दादा

६ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. द्विपदी वाचली. दुसऱ्या ओळीत तू मला उपाशी मारलंस, त्याबद्दल आभारी आहे.

सहा नाही. सव्वाआठ. कारण मीही सांगते, पण कवितेत नाही.

चाळीस वर्षं खाणावळ चालवली. संध्याकाळ कशी असते, मला माहीत नाही रे. लोक म्हणतात संध्याकाळी छान वारा सुटतो, आभाळाला रंग चढतो. माझ्याकडे पाच वाजले की मोठी पातेली शेगडीवर चढायची आणि साडेसहाला पहिला मेंबर दारात हजर. शेवटचा हात धुऊन गेला की मग मी, ओट्याला टेकून, उभ्याने जेवायची. खिडकी होती, पण ती वाफेने कायम पांढरी. खाणावळ बंद करून दोन वर्षं झाली, तरी पाच वाजले की पाय आपोआप स्वयंपाकघरात जातात. एकटीपुरती वाटीभर भाजी करते, खाते, ताट घासते, आणि मग उरलेल्या वेळाचं काय करायचं ते कळत नाही.

मला एकदा, फक्त एकदा, संध्याकाळी काहीही न करता बसायचंय. सहाची घंटा व्हावी, सगळे लगबगीने जेवायला पळावेत आणि मी खुर्चीत पाय पसरून त्यांच्याकडे बघावं. म्हणावं, जा बाबांनो, गरम आहे तोवर जा. हे सुख तुझ्या गुरुजींच्या एकाही कवितेत नाही.

आणि तू कधीपासून सहाला जेवायला लागलास? वहिनी होती तेव्हा नऊ वाजले तरी तुझं डोकं पुस्तकातून वर येत नव्हतं; ती बिचारी तीन-तीनदा हाका मारायची. काहीतरी पाणी मुरतंय.

तेल लावते. तुझं ते कानाचं यंत्र ड्रॉवरमध्ये ठेवायचं नसतं, कानात घालायचं असतं.

लोभ आहे, तो सव्वाआठपर्यंत टिकावा.

तुझी,
चिंगी

१० फेब्रुवारी

चि. छकुलीस अ. उ. आ.

हे पत्र वाचून फाडून टाक. तू परिचारिका आहेस. रुग्णाची गोष्ट बाहेर जाऊ द्यायची नसते, असं तूच एकदा म्हणाली होतीस. मी तुझा रुग्ण नाही, मामा आहे. पण ते प्रकरण त्याहून नाजूक.

तुझी आई सव्वाआठवर अडून बसली आहे. मला सव्वाआठ शक्य नाही, आणि का ते तिला सांगणं तर त्याहून शक्य नाही. कारण माझ्या तोंडात आहे. गेल्या वर्षी वरची-खालची कवळी बसवून घेतली. दंतवैद्य म्हणाला, रुळेल. रुळली नाही. सकाळी नीट वागते, दुपारी कुरकुर करते आणि सात वाजले की हिरड्या अशा ठणकतात की काढून पेल्यात ठेवावीच लागते. मग आरशात पाहिलं की आजोबा दिसतात, आणि आजोबा मला कधीच आवडले नाहीत.

त्यात ते टेबल आठ जणांचं. सहा परक्यांच्या समोर मी हिरड्यांनी पाव चघळत बसू? ‘स’ म्हणायला जावं तर ‘फ’ होतो. जन्मभर लोकांचं शुद्धलेखन सुधारलं आणि आता माझं बोलणंच अशुद्ध. तुझ्या आईला कळलं तर तिची उरलेल्या आयुष्याची सोय झाली. लहानपणी माझा पुढचा दात पडला, तेव्हा ती मला वर्षभर ‘खिंडार’ अशी हाक मारायची. नवा दात आला, तरीही.

तेव्हा तू तिला सांग की लवकर जेवणं प्रकृतीला चांगलं. ते काही खोटं नाही. कवितेची बाजू मी सांभाळतो, प्रकृतीची तू सांभाळ.

आशीर्वाद आहेतच, गुपित राखल्यास दुप्पट.

तुझा,
मामा

१३ फेब्रुवारी

ती. मामांस सा. न.

पत्र फाडलं. आता माझं ऐका.

ठणकणारी कवळी दंतवैद्याकडे नेऊन घासून घ्यायची असते. पेल्यात ठेवून तिच्याभोवती कारस्थानं रचायची नसतात.

दुसरं म्हणजे, मी जहाजाच्या कचेरीत चौकशी केली. त्या आठवड्यात सूर्य साडेसहाच्या सुमाराला मावळतो. म्हणजे तुमच्या सहाच्या पंगतीत सूप यायला आणि सूर्य जायला एकच गाठ. जेवणाचा हॉल खालच्या मजल्यावर आहे आणि त्याला खिडक्या नाहीत. आईने मला सूर्यास्ताची वेळ विचारली होती, म्हणून तिलाही हे कळवलंय. सूर्याचं तेवढं, दातांबद्दल अक्षर काढलेलं नाही. द्विपदीचं काय करायचं ते तुम्ही बघा.

माझं ऐकाल तर तिला सांगून टाका. चार दिवस हसेल आणि विसरेल. बरं, विसरणार नाही. पण हसायची थांबेल.

औषधं वेळेवर घ्यावीत आणि माया करत राहावी.

तुमची,
छकुली

१५ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

छकुलीने कळवलं की सूर्य साडेसहाला मावळतो. त्या वेळी तू खालच्या मजल्यावर, बिनखिडकीच्या हॉलमध्ये सूप पीत असणार. मग नावाड्याची कविता कुणाला म्हणून दाखवणार होतास, चमच्याला?

आधी खूप हसले. मग भाजी निवडता निवडता विचार करत राहिले आणि हसू गेलं. म्हणजे सूर्यास्त हे कारण नव्हतंच. मला सव्वाआठ का हवं ते मी इतकं उघड करून सांगितलं, तरी तुझा होकार आला नाही; तू सहाच धरून बसलास. तुला माझ्याबरोबर त्या टेबलावर बसायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ मला लागतो.

मी कशी जेवते ते मला माहीत आहे. चाळीस वर्षं एका हातात झारा धरून, मान वर न करता, पाच मिनिटांत. तुझ्या छापखान्याच्या मालकांकडे आपण जेवायला गेलो होतो, तेव्हा बाकीचे अजून सूप फुंकत होते आणि माझं ताट रिकामं झालं होतं. तू माझ्याकडे पाहिलंस. बोलला काही नाहीस, पण पाहिलं होतंस.

म्हणून असं करू. तू सहाला जेव, मी सव्वाआठला जेवीन. पुढच्या सोमवारी कचेरीला तसं कळवून टाकते. दिवसा भेटत राहूच. भांडण नाही.

लोभ आहे तसा राहू दे.

चिंगी

१८ फेब्रुवारी

चि. चिंगीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राखाली नुसतं ‘चिंगी’ आहे. ‘तुझी’ गळलं आहे. गळलेले शब्द शोधण्याचाच मी जन्मभर पगार घेतला. हा नजरेतून सुटेल कसा?

कचेरीला काही कळवू नकोस. आता मीही कवितेत सांगत नाही.

मला दात नाहीत.

म्हणजे आहेत, पण सात वाजल्यानंतर ते पेल्यात असतात. कवळी टोचते. ती काढली की मी आजोबांसारखा दिसतो आणि भोक पडलेल्या फुग्यासारखा बोलतो. सहाच्या हट्टामागे एवढंच होतं. सूर्य बिचारा फुकट बदनाम झाला.

मालकांकडे मी तुझ्याकडे पाहिलं, हे खरं. का, तेही ऐक. त्यांच्या पत्नी सगळ्यांना वाढत उभ्या होत्या. तू ताट संपवलंस, त्यांच्या हातातलं भांडं काढून घेतलंस आणि त्यांना म्हणालीस की आता तुम्ही बसा. इतक्या मंडळींत त्यांना ‘बसा’ म्हणणारी तू एकटी होतीस. मी ते पाहत होतो, वेडे.

घरी जेवताना मी पाण्याच्या भांड्याला पुस्तक टेकवून ठेवतो. पुस्तक माझ्या तोंडाकडे बघत नाही, हे बरं. पण ते ‘आणखी घे’ असंही कधी म्हणत नाही. तुझ्याच जहाजावर असून सात दिवस तुझ्याशिवाय दात घालून जेवण्यापेक्षा सव्वाआठला तुझ्यासमोर बिनदातांचा बसेन. हस हवं तितकं.

लोभात काही गळू देऊ नकोस.

तुझाच,
दादा

ता. क. ‘तुझाच’मधला ‘च’ ही छपाईची चूक नाही.

२१ फेब्रुवारी

ती. खिंडारास शि. सा. न. वि. वि.

दोन दिवस हसले. भांडी घासताना हसले, जिन्यात हसले, वरची शेजारीण काय झालं म्हणून विचारायला आली. मग थोडं रडले, पण तेव्हा कांदा चिरत होते.

कचेरीला कळवलं: दोघं, एकच टेबल, सव्वाआठ. अरे, माझ्या निम्म्या मेंबरांना दात नव्हते. मी कुणाचे दात बघायला बसले होते? ताट रिकामं झालं का, तेवढं बघायची. तू एवढी वर्षं पुस्तकं वाचलीस आणि शेवटी लाजलास कुणाला, तर मला!

छकुली म्हणते, कवळी घासून मिळते. उद्याच जा. कानाचं यंत्र घालून जा, नाहीतर दंतवैद्य एक सांगेल आणि तू भलतंच ऐकून येशील.

लोभ होता तेवढा आहे; हसण्याने थोडा वाढलाच.

तुझी (हे नीट वाचून घे),
चिंगी

९ मार्च

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

जहाजावरून लिहिते आहे. उद्या बंदरात पत्र टाकीन.

काल पहिली संध्याकाळ. सहाची घंटा झाली आणि लोक खरंच पळाले गं! मी पाय पसरून बसले. थोडा वेळ मजा वाटली, मग वाटायला लागलं की खाली कुणाला हाताखाली माणूस हवं असेल का. उठणार, तेवढ्यात दादाने हाताला धरून बसवलं. सूर्य मावळला. खरं सांगायचं तर मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान होता. कविता काही पुरी झाली नाही. दुसऱ्या कडव्याशी कवी घोरायला लागले. मी त्यांच्या अंगावर शाल टाकली आणि समुद्राकडे बघत बसले. बाई गं, केवढी मोठी असते संध्याकाळ!

सव्वाआठला खाली गेलो. दंतवैद्याने कवळी घासून दिली आहे, तरी टेबलावर बसताच ती निघाली आणि दादाच्या खिशात गेली. आधी तो तोंडच उघडेना. मग धीर करून वाढप्याकडे सूप मागितलं, त्याचं झालं ‘फूप’, आणि तो भला माणूस ‘फ्रूट’ समजून फळांची थाळी घेऊन आला. आमच्या टेबलावर एक निवृत्त इंजिनचालक आहेत, त्यांना ठसका लागेपर्यंत हसू आलं. दादाही हसला. त्यानंतर जो बोलत सुटला, तो फळं संपली तरी थांबेना.

पण बिनदातांचं जेवण ते, किती वेळ लागतो! एकेक करून सगळे उठून गेले. माझं ताट तर केव्हाच रिकामं झालेलं. हॉलमध्ये आम्ही दोघंच उरलो आणि मग सुरू झालं. कोपऱ्यातला एक दिवा गेला. खुर्च्या सरकवण्याचे आवाज यायला लागले. शेजारचं पुसलेलं टेबल एकजण पुन्हा पुसायला लागला. मुख्य वाढपी येऊन, अगदी मध घातलेल्या आवाजात, आणखी काही हवंय का, असं विचारून गेला. छकुले, यातली एकेक गोष्ट मी चाळीस वर्षं रोज केली आहे. त्या गोड आवाजाचा अर्थ ‘उठा आता’ असा असतो, हे मला सांगायला हवं का? माझे पाय आपोआप उठायला लागले.

दादाच्या ताटात अजून अर्धा मासा होता. तो म्हणाला, राहू दे, तुला अवघडल्यासारखं होत असेल तर उठू.

मी वाढप्याला बोलावून सांगितलं, हवंय. एक सूप आणा, सावकाश आणलंत तरी चालेल. मग ते अगदी थंड होईपर्यंत एकेक चमचा पीत बसले.

आमची काळजी करू नये. लोभ आहे तो असाच सावकाश वाढत राहो.

तुझी,
आई