यादी मागून वाचली

ठमाबाई,

कपाटावरची तुझी तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांची यादी मी नेलीय, शोधत बसू नकोस. आधी लायब्ररी, मग एका गिऱ्हाइकाचा फ्रिज.

तुझ्या उशाचं पुस्तकही आठवडाभर मीच पळवलं होतं. फ्रिजचं मॅन्युअल मी मागून उघडतो, बिघाडाच्या पानापासून. त्याच सवयीनं यादीतलं शेवटचं, सगळ्यात नवं पुस्तक, म्हणजे ते उशाचंच, आधी धरलं. त्यात लेखकानं एका जुन्या तत्त्ववेत्त्याची साठ पानं हजेरी घेतलीय. मीही मान डोलावत राहिलो. काल त्या जुन्याचं पुस्तक लायब्ररीत उभ्याउभ्या चाळलं, तर हा लेखक सांगतो तसं गडी काही म्हणतच नव्हता! आज तेच आणतोय.

नोकरी सोडून हे शिकते म्हणालीस, तेव्हा मी तुझं पहिलं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही. वर सगळ्या नातेवाइकांना तुझं म्हणणं माझ्याच शब्दांत सांगत सुटलो.

सातपर्यंत येतो. पहिल्यापासून सांग. मध्ये तोंड उघडलं तर ते जाडजूड पुस्तक डोक्यात घाल. भांडायचंच असेल तर तुझं सांगून झाल्यावर भांडू.

बाबा