वजनकाट्यावर वन्सं

खिदिरपूर, कलकत्ता
संक्रांतीचा दुसरा दिवस, १९७३

तीर्थरूप सौ. श्यामलाताईस,

धाकट्या कालिंदीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग म्हणजे आठही अंगं जमिनीला टेकायला हवीत. माझं हल्ली पोट आधी पोचतं आणि बाकीची सात वरच राहतात. तरी नमस्कार मनापासून आहे, गोड मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींची तंबाखू सुटली की नुसती डबी बदलली? इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत, शिवाय वन्संही आहेत, त्यांचं पुढे येईलच. तिळगुळाचं पार्सल मिळालं असेल. अर्धंच भरलेलं वाटेल, पण पोस्टावर रागावू नकोस. पार्सल शिवायला मी बसले होते आणि डबा हाताशी होता.

तुझं पत्र पोचलं. वाचून आधी दोन संदेश (इकडची छेन्याची मिठाई) खाल्ले आणि मग पुन्हा वाचलं. तू लिहितेस की हेमाच्या लग्नाला वैशाखापर्यंत अवकाश आहे, तेवढ्यात थोडी उतर. मुलाकडची मंडळी भारी शिष्ट, मावशी बघून त्यांना मुलीच्या पुढच्या वळणाची शंका नको यायला. आणि उतरायला जमलंच नाही, तर निदान फोटोच्या वेळी मागच्या रांगेत उभी राहा. अगं, मागच्या रांगेत उभी राहून मी काय दिसायची थांबणार आहे? पुढे भाऊजींना उभं केलंस तर त्यांच्या दोन्ही बाजूंनी मीच दिसेन, आणि नागपूरभर होईल की श्यामलाच्या नवऱ्याला पंख फुटले.

तर उतरण्याचा प्रयोग आमच्याकडे नुकताच होऊन गेला आहे. त्याची हकीकत सांगते, पण त्याआधी एक गोष्ट सरळ सांगून टाकते. माझ्या अंगाबद्दल तुम्ही सगळ्यांनी आपापले शोध लावले आहेत. काकूंच्या मते ग्रंथींचा दोष, तुमच्या शेजारणीच्या मते बंगालचं पाणी, आणि इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांच्या मते मूल नाही म्हणून खाण्यात मन रमवते बिचारी. (या बिचारीला त्या दर हळदीकुंकवाला दोन लाडू जास्त देतात आणि खाताना डोळे भरून बघतात. मी लाडू घेते, त्यांची कीव परत करते.) सगळं खोटं. मी लठ्ठ झाले कारण मला व्हायचं होतं आणि ह्यांना मला तसं करायचं होतं. आम्ही दोघांनी मिळून, ठरवून, हौसेने केलेलं काम आहे हे. कुणी बंगला बांधतं, आम्ही मला बांधलं.

याचं मूळ तुमच्याच मांडवात आहे, बरं का. माझ्या लग्नात घास भरवायची वेळ आली तेव्हा तू माझ्या मागेच उभी होतीस. मी तेव्हा इतकी वाळकी की आईने शालूखाली दोन परकर नेसवले होते. ह्यांनी जिलबीचा तुकडा पुढे केला आणि मी लाजून तोंड मिटून बसले. दुसरा कुणी असता तर गालाला फासून मोकळा झाला असता. हे नुसते हात धरून थांबले. ढकललं नाही, चेष्टा नाही, नुसते थांबले. शेवटी मी तोंड उघडलं, तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि फोटोवाल्याने फोटो काढला. आता मला सांग, एवढं कौतुक झाल्यावर तो माणूस थांबेल कशाला? गोदीतून कस्टमची ड्यूटी संपवून घरी आले, हातपाय धुतले, की पहिला घास मला, रोज, आजपर्यंत. एक दिवस केलं तर संस्कार आणि जन्मभर केलं तर रोग, हे शास्त्र मला कुठल्या पोथीत दाखव.

आणि मला आवडतं गं. बांगड्या रुतायला लागल्या आणि कासाराने कापून काढल्या, की ह्यांना पगारवाढ झाल्यासारखं होतं. साडीच्या निऱ्या सातावरून चारावर आल्या तेव्हा हे उठून राबडी आणायला गेले. लग्नाच्या वाढदिवसाला आमची एक रीत आहे. गोदीच्या गुदामात पोती तोलायचा मोठा काटा आहे, त्यावर मी नवी साडी नेसून उभी राहते, काटेवाला आकडा मोठ्याने पुकारतो आणि हे पेढे वाटतात. लोक मुलांच्या मार्कांचे वाटतात, आम्ही माझे वाटतो. आता गुडघे दुखतात, तेही सांगते. डॉक्टरबाबू दर खेपेला बोलतात आणि त्यांचं खरं आहे. पण गुडघे माझे आहेत, त्यांचा माझा हिशेब आम्ही बघून घेऊ. हातरिक्षावाला मला बघून आधी मान फिरवतो, मग दीडपट सांगतो. ट्राममध्ये माझ्या शेजारी बसलेला माणूस पुढच्या स्टॉपला उभा राहतो आणि मला दोन्ही जागा मिळतात. एकूण शहर चांगलं आहे.

तर दिवाळीनंतर वन्सं आल्या. प्रेमलतावन्सं, ह्यांची थोरली बहीण, साताऱ्याची, हे त्यांना आक्का म्हणतात. तू त्यांना माझ्या लग्नानंतर पाहिलेलं नाहीस. तेव्हा छत्रीची काडी होत्या, आता कापड उडालेल्या छत्रीची काडी आहेत. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी आणि चतुर्थी, असे उपास. उरलेल्या दिवशी भूक नसते. त्यांच्या सासरी बायका मागून जेवतात, आणि उरलं तर जेवतात, याचा त्यांना भारी अभिमान. हावडा स्टेशनवर उतरल्या, मला बघितलं आणि कपाळाला हात लावला. घरी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी ह्यांनी माझ्यासाठी घास उचलला, तशा वन्सं ताडकन म्हणाल्या, "दत्तू, अरे बायको आहे की पोळ्याचा बैल? खाऊ घालून घालून मारतोयस तिला. पाप लागेल तुला."

ताई, हा माणूस गोदीत भल्याभल्या चोरट्यांच्या पेट्या फोडतो, पण आक्काने डोळे वटारले की पाटी फुटलेला पोरगा होतो. हात तसाच खाली आला. त्या दिवसापासून हे मान खाली घालून जेवायला लागले आणि माझं ताट वन्संच्या ताब्यात गेलं. सकाळी गरम पाण्यात लिंबू. दुपारी उकडलेला दुधी. रात्री दुपारचाच दुधी. मी उपाशी नव्हते, मुळीच नाही, दुधी पोटभर होता. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझा घास मी उचलत होते, आणि समोर बसलेला माझा नवरा मला चोरासारखा टाळत होता. जणू इतकी वर्षं त्याने माझ्यावर विषप्रयोग केला होता आणि आता पकडला गेला होता. मी मोरीत जाऊन रडले. मला दुधीचं नाही गं वाईट वाटलं. माझं सुख त्या बाईने आजार म्हणून टाकलं आणि ह्यांनी ते मान्य केलं, याचा इतका राग आला की पुसायची सोय नाही.

पहाटेचं फिरणंही सुरू झालं. ट्रामने मैदानावर जायचं, पुढे वन्संची मिटलेली छत्री, मागे ह्यांचे कॅनव्हासचे बूट घालून मी. तिथे माकडटोप्या घातलेले पेन्शनर बंगाली बाबू फिरत असतात. तिसऱ्याच दिवशी त्यातले एक आजोबा आमच्यापाशी थांबले, वन्संकडे फार दयेने बघितलं आणि मला हळूच विचारलं की आई किती दिवस आजारी आहेत. मला म्हणाले की तुझी सेवा थोर आहे मा, पण यांना एवढं चालवू नकोस, शिंगी माशाचा रस्सा दे, अंगात रक्त येईल. वन्संना बंगाली येत नाही, पण मासा कळला. पुढचा रस्ता त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. सगळा महिना मिळून तेवढी एकच सकाळ मला छान गेली.

महिना झाला तसं वन्संना दुधीचं फळ बघायचं होतं. वजन कुठे करतात म्हणून विचारायला लागल्या आणि हे गुदामातल्या काट्याचं बोलून गेले. रविवारी आम्ही तिघं गुदामात. मी काट्यावर उभी राहिले. काटेवाल्याने नेहमीसारखा आकडा पुकारला आणि तो मागच्या वाढदिवसापेक्षा जास्त निघाला. (शेजारच्या मुखर्जीबाई, वन्सं दुपारी आडव्या झाल्या की गच्चीच्या भिंतीवरून लुची, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, आणि हरभऱ्याची छोलार डाळ द्यायच्या. दिल्या त्यांनी, मी फक्त नाही म्हटलं नाही.) वन्सं भडकल्या. काटा खोटा आहे म्हणाल्या आणि सिद्ध करायला स्वतः चपला काढून वर चढल्या. काटेवाल्याने वजन मागे सरकवलं, आणखी मागे सरकवलं, अगदी टोकाला नेलं. दांडी हलेना. तो बिचारा फार अदबीने म्हणाला, "माताजी, पहले चढ़िए तो."

"चढ़ी तो है!" वन्संनी छत्री आपटून सांगितलं.

तो ओशाळला. म्हणाला की यह बोरी का काँटा है, बोरी से कम इसमें नहीं तुलता. मला हसू येत होतं, खोटं कशाला सांगू, पदर तोंडात कोंबला होता. तेवढ्यात माझं लक्ष ह्यांच्याकडे गेलं आणि हसू जागच्या जागी विरलं. हे त्या रिकाम्या दांडीकडे बघत होते. ह्यांची आई गेली तेव्हा हे रांगत होते आणि वन्संनीच, परकर नेसणारी पोर, ह्यांना मांडीवर घेऊन चिऊकाऊचे घास भरवले. हे मला ह्यांनी शंभरदा सांगितलेलं. म्हणजे तो थांबणारा हात मूळचा वन्संचा. मी महिनाभर जिच्या नावाने बोटं मोडत होते, तिच्याच शिकवणीवर मी एवढी झाले होते! ह्यांनी तिथेच, पोत्यांच्या मधोमध, विचारलं, "आक्का, तू म्हणायचीस माझं आधीच झालंय. खरंच जेवायचीस का गं तेव्हा?"

"गंजलाय मेला काटा," म्हणाल्या वन्सं, आणि उतरून चपला शोधायला लागल्या. चपला पायांपुढेच होत्या.

त्या संध्याकाळी मी दुधी केला नाही. साधं वरण, भात, वर तूप, आणि नलेन गुळाचे, म्हणजे खजुराच्या नव्या गुळाचे, संदेश. हे पानावर बसले, भात कालवला, घास उचलला आणि वन्संच्या तोंडापुढे धरला. वन्सं पदराआड गेल्या. मी काय तान्ही आहे का, लोक काय म्हणतील, आज माझा अमुक उपास आहे, सगळं बोलून झालं. हे हात धरून थांबले. मी त्या हाताला ओळखते ताई, तो खाली येत नाही. वरणाचे थेंब मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले. शेवटी वन्संनी पदर काढला, तोंड उघडलं, घास बराच वेळ चावला आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे." दुसराही घेतला. मग माझ्याकडे न बघता ह्यांना म्हणाल्या, "आता तिला दे. महिनाभर तोंड पाडून बसलीय."

असा तो प्रयोग संपला. तेव्हा मी उतरणार नाही, आहे त्या आकाराने येणार आणि पुढच्या रांगेत उभी राहणार. मुलाकडच्यांना सांग की ही मावशी आहे, तिला असंच हवंय, आणि तिच्या नवऱ्यालाही. कुणी नाक मुरडलं तर माझ्याकडे पाठव. भाऊजींना नमस्कार, हेमाला पोटभर आशीर्वाद.

तुझी,
कालिंदी

ता. क. मांडवातल्या घडीच्या पत्र्याच्या खुर्च्यांपैकी एकही मला देऊ नकोस. माझ्यासाठी तुझ्या ओसरीवरचा बाक काढून ठेव. मला लाज नाही, पण खुर्चीला असते.

आणखी एक. तुझ्या पत्राच्या पाठीमागच्या बाजूला, घाईत खरडलेलं, तेही वाचलं. मुलाकडचे म्हणतात हेमा फार काडी आहे, तर तिला दोन महिने माझ्याकडे ठेवून "जरा अंग धरायला लाव" म्हणून. वा गं ताई! एकाच कागदाच्या पुढच्या बाजूला मी जास्त आणि मागच्या बाजूला तुझी लेक कमी! पाठव तिला खुशाल. पण मी तिला विचारणार. तिला हवं असेल तर मुखर्जीबाईंसकट सगळं घर तिच्या दिमतीला आहे. नको असेल तर जशी आली तशी परत पाठवीन आणि मुलाकडच्यांना तूच उत्तर दे.

आणि ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं, ते. वन्संना लग्नाची पत्रिका वेगळी पाठव. त्यांच्या नवऱ्याच्या नावाखाली "सहकुटुंब" म्हणून नाही, त्यांच्या स्वतःच्या नावाने. पंगतीत त्यांचं पान माझ्या शेजारी मांड आणि मागून जेवतील म्हणाल्या तर ऐकू नकोस. त्या पानावर हात आडवा धरतील आणि झालं म्हणतील. वाढपी हात बघितला की पुढे जातात, जन्मभर तेच झालंय. तुझ्या वाढप्याला सांगून ठेव. जबरदस्ती करायची नाही, आग्रहाचं गाणं लावायचं नाही, नुसतं तिथे उभं राहायचं. थोडा वेळ लागतो, पण हात निघतो.