अभय आरण्ये सर

प्रिय ताई,

हे पत्र कालच लिहायला हवं होतं. काल बसलोही होतो. आधी पेन सापडेना. सापडलं तर इशूने त्याच पेनाने स्वतःच्या मनगटावर घड्याळ काढलं, मग तिला माझ्याही मनगटावर काढायचं होतं, आणि तेवढ्यात डाळ करपली. कुकर घासलाय, पण तळाला एक काळा चंद्र राहिलाय, तो तुला दिसेलच. खरं सांगू? पेन, डाळ, सगळे बहाणे. हिंमतच होत नव्हती. आता खाली शंकर गाडी पुसतोय. रामनगरची सवारी घेऊन तो थोड्या वेळात निघेल आणि दुपारी तुझ्या लॉजवर हे पत्र देईल, असं मी त्याच्याशी ठरवून बसलोय. म्हणजे आता पळवाट नाही. अक्षराला हसू नकोस. बारावीनंतर मी हाताने काही लिहिलं असेल तर ते ढाब्यावरच्या ऑर्डरी.

आधी एक वाच आणि मग श्वास घे: इशू ठणठणीत आहे. कोणी पडलं नाही, कोणाला ताप नाही. तू शपथ घातली होतीस की कोणी हॉस्पिटलात असेल तरच लॉजवर फोन कर, म्हणून फोन केला नाही. आणि केला असता तर तो मॅनेजर उचलतो. गेल्या हिवाळ्यात मी तिथे जेवणं वाढायचो तेव्हापासून त्याला दुसऱ्यांचे निरोप मोठ्याने वाचून दाखवायची खोड आहे. त्याला काय सांगणार होतो मी, की मॅडमना कळवा, तुमच्या सासूबाईंनी वाघांना नमस्कार सांगितलाय? हे काय प्रकरण ते सांगतो. क्रमाने सांगतो, नाहीतर भरकटतो.

तू गेलीस आणि दुसऱ्या दिवशी शाळेचा मेसेज आला, हवा खराब, शाळा बंद, वर्ग ऑनलाइन. म्हणजे मी, इशू आणि तुझा लॅपटॉप, खिडक्या लावून. बाहेर समोरची बिल्डिंग पण दिसत नव्हती. वर खिशात तुझा फोन. दारात तो माझ्या हातात देताना तू म्हणालीस ना, हा बरोबर असला की मी कुठेही गेले तरी घरीच असते. तेव्हा मला वाटलं, ताई जरा जास्तच बोलतेय. यार ताई, नाही. पहिल्याच सकाळी मी अजून चहा पण केला नव्हता तर कामवाली दीदी आज येणार नव्हती, सोसायटीत पाण्याचा टँकर उशिरा होता, शाळेच्या ग्रुपवरच्या आयांना पिवळा कार्डपेपर कुठे मिळतो ते हवं होतं, ऑफिसातल्या कोणाला ‘फक्त पाच मिनिटं’ हवी होती, आणि दाजींना हैदराबादहून विचारायचं होतं की त्यांचा राखाडी स्वेटर कुठे आहे. हैदराबादला स्वेटर! सगळ्यांना मी तुझ्या नावाने उत्तरं दिली. तू सांगितलं होतंस तसं, थोडक्यात. स्वेटर कुठे आहे ते मात्र मला माहीत नव्हतं, म्हणून ‘शोधते’ असं लिहिलं, आणि मग खरंच शोधत बसलो. संध्याकाळी मला कळेना मी दमलो कशाने. कुठे गेलो पण नव्हतो.

हॉलमधल्या सोफ्यावर बसून लिहितोय. डोक्यावर तो फोटो आहे, मागच्या साली आपण सगळे तिथेच, कॉर्बेटच्या जंगलात गेलो होतो तेव्हाचा. दुसऱ्या जिप्सीतल्या त्या बंगाली काकांनी काढून पाठवलेला. वाघ रस्ता ओलांडतोय, आणि मागे आपल्या जिप्सीत दाजींचं तोंड उघडं, माझं उघडं, इशूचं सगळ्यात उघडं, आणि मधे तुझी पाठ. इशूचा बूट सीटखाली गेला होता आणि तू वाकून तो शोधत होतीस. बूट हातात घेऊन वर आलीस तेव्हा फक्त गवत हलत होतं. दाजींनी विनोद केला, क्षिप्राने वाघ नाही पाहिला, वाघाने क्षिप्राची पाठ पाहिली. तू हसलीस. मी पण हसलो. इशू अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला तो विनोद सांगते. गेल्या महिन्यात तू शेंगा निवडता निवडता, माझ्याकडे न बघता, म्हणालीस की एकदा असं जंगल बघायचंय जिथे मला कोणी आई म्हणणार नाही. आणि लगेच विचारलंस, मी वाईट आहे का रे? मला असल्या प्रश्नांची उत्तरं येत नाहीत. पण लॉजवर फोन लावता येतो. तेवढा लावला, आणि घरात सगळ्यांना ऑफिसचं ट्रेनिंग म्हणून सांगायचं ठरलं.

आता मुद्द्यावर येतो. इशूने मला पकडलं. म्हणाली, मामा, मम्मा ट्रेनिंगला नाही गेली. मम्माचं आयकार्ड दारामागे लटकतंय, आयकार्डशिवाय मम्मा लिफ्टमध्ये पण शिरत नाही. सच्ची बोल. ताई, तुझी पोरगी पुढे जाऊन पोलिसात जाणार, बिल्कुल. मला तिच्याशी खोटं बोलायची लाज वाटली आणि खरं बोलायची भीती. मग मी स्वतःला फार हुशार समजून मधला रस्ता काढला. खरं सांगायचं, पण तिला कळणार नाही अशा मराठीत. जी मुलगी भोपळ्याला पंपकिन म्हणते तिला काय कळणार! मी म्हटलं, तुझी आई विश्रांतीसाठी अभयारण्यात गेली आहे, आणि हे गुपित आहे. तिने तो शब्द दोनदा तोंडात घोळवला, ‘अच्छा’ म्हणाली आणि चित्र काढायला गेली. मी खूश.

(मुनिरक्याच्या खोलीवरच्या माझ्या दोस्ताला, प्रतीकला, हे फोनवर सांगितलं तर त्याला त्यातलं वेगळंच लागलं. तो तिसऱ्यांदा यूपीएससीला बसतोय. म्हणे कॉर्बेट मुळात अभयारण्य नाहीच, राष्ट्रीय उद्यान आहे, परीक्षेत तुझे मार्क गेले असते. म्हणजे बघ, राष्ट्रीय उद्यान म्हटलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. अभ्यास केला नाही की असं होतं.)

त्या संध्याकाळी इशू फरीदाबादला आजीशी फोनवर बोलली. थोड्या वेळाने तुझ्या फोनवर तुझ्या सासूबाईंचा मेसेज: ‘क्षिप्रा, हे अभय आरण्ये कोण गं?’ ताई, माझ्या डोक्यात काही पेटलंच नाही. मला वाटलं असेल तुझ्या ऑफिसचं कोणी. आपल्या मराठी मंडळात अर्ध्या लोकांची आडनावं अशीच, साने, राणे, लिमये, त्यात एक आरण्ये. ‘माहीत नाही’ लिहिलं असतं तर ट्रेनिंगचं फुटलं असतं. म्हणून लिहिलं, ‘ऑफिसचे सर आहेत आई. फार चांगले आहेत.’ तेवढ्यावर थांबायचं ना? नाही. तुझ्या घरात तुझी कोणी काळजी करत नाही असं मला दिवसभर वाटत होतं, त्याच झोकात पुढे लिहिलं, ‘खूप काळजी घेतात.’

दुसऱ्या दिवशी दाजींचा मेसेज. ते इशूशी व्हिडिओवर बोलले होते. ‘कोणाकडे गेली आहेस?’ एवढंच. मी तुझ्या नावाने लिहिलं, ‘आरण्ये सरांकडे. फार शांत वाटतं त्यांच्याकडे.’ आता वाचून तुझ्या अंगावर काटा येत असेल. माझ्या आत्ता येतोय, तेव्हा नाही आला. काय तर म्हणे, दोन्हीकडे एकच सांगितलं म्हणजे पक्कं.

मग माझ्या फोनवर दाजींचा फोन. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच विचारलं, यतीन, हा आरण्ये कोण आहे, तुला काय माहीत आहे ते सांग. मी घाबरून इशूलाच विचारलं, अगं कोण हा अभय आरण्ये? ती चित्रातून मान न काढता म्हणाली, तूच तर बोललास मामा, अभयारण्यात गेली, मम्मा अभय आरण्येंकडे रेस्ट करतेय. फोन चालूच होता. दाजींना माझ्या आधी कळलं. मला वाटलं हसतील. सुटलो, असं मनात म्हणालो पण. ते हसले नाहीत. मग म्हणाले, एकटी गेलीय? मी हो म्हटलं. तर म्हणाले, कोणी अभय असता तर निदान भांडलो तरी असतो रे. ही कोणाकडे गेलीच नाही, आमच्यापासून गेली.

मला तिथे गप्प बसता आलं असतं. पण त्या वाक्याने मला राग आला, आणि मी नको ते विचारून बसलो, की दाजी, हॉलमधल्या फोटोत ताईची पाठ का आहे, माहीत आहे? ते म्हणाले, काहीतरी पडलं होतं बहुतेक. मी म्हटलं, इशूचा बूट. आणि तुमचा राखाडी स्वेटर तुमच्याच बॅगेत आहे, बाजूच्या कप्प्यात, ताईने कागदावर लिहून ठेवलं होतं, मला आज सापडलं. ते म्हणाले, मी निघतो, उद्या विमानतळावरून थेट रामनगरला जातो. फोन ठेवला. मी परत लावला तर उचलला नाही.

रागावून येतायत की कसे, खरंच सांगता येत नाही. मला फक्त एवढं कळतं की तू आयुष्यात एकदा स्वतःसाठी काही मागितलंस, तेही माझ्याकडे, आणि मी ते तीन दिवस पण सांभाळू शकलो नाही. तुझ्या सासूबाईंचा मेसेज मात्र त्यानंतर आला: ‘बरं. सरांना नमस्कार सांग, आणि त्यांच्या वाघांनाही.’ खाली अजून एक ओळ, ‘यतीन, जेवलास का?’ म्हणजे काकूंना पहिल्यापासून सगळं कळलं होतं, आणि त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. मराठी येणारं माणूस घरात एक जरी असलं तरी किती फरक पडतो बघ.

तर पत्र यासाठी. माफी तू आल्यावर समोर उभा राहून मागेन, कुकर हातात घेऊन. हे फक्त तुला आधी कळावं म्हणून. दाजी संध्याकाळपर्यंत तिथे पोचतील. त्याआधी तुझी दुपारची फेरी आहे, आणि ती अजून तुझी एकटीची आहे. ती सोडू नकोस. हे वाचून लगेच बॅग भरायला घेशील, मला माहीत आहे. घेऊ नकोस. जिप्सीत पुढे बस. दाजींना काय सांगायचं याचा विचार परत येताना कर, रस्ता लांब आहे. आणि आत गेल्यावर कोणाचाही, कसलाही बूट पडू दे, खाली बघू नकोस.

थांब, बेल वाजली. शंकर असेल.

शंकर नाही, दाजी आलेत. रात्रीच्या विमानाने आले म्हणे, थेट घरी. मी विचारलं, रामनगर? खाली शंकरच्या गाडीत एक जागा आहे. त्यांनी मान हलवली, नको. आज शाळा उघडलीय ना, बसला किती वेळ आहे, असं इशूला विचारलं. मग मला विचारलं, हिचा दुसरा बूट कुठे असतो? मला कुठे माहीत! इशूने सोफ्याकडे बोट दाखवलं. शंकर हॉर्न वाजवतोय, पाकीट बंद करतो. ताई, मी पाय वर घेऊन लिहितोय, कारण दाजी सोफ्याखाली वाकून बूट शोधतायत, आणि इथून त्यांची फक्त पाठ दिसतेय.

तुझाच,
यतीन